चितारआळीतली नावाची पाटी आणि त्यावरचा ङ

वेंगुर्ल्याच्या आमच्या घराला गेल्या महिन्यात नवी पाटी लागली. सावंतवाडीला चितारआळीतल्या एका दुकानातून ती करून आणली. फणसाचं लाकूड, दीड फूट लांबी, हाताने कोरलेली उठावाची अक्षरं, ३,२०० रुपये. पाटीवर दोन आडनावं आहेत, परब आणि ङ्विएन. पहिलं कोरायला त्या कारागिराला दोन तास लागले असतील. दुसऱ्यासाठी त्याने काय काय केलं, ते मला सविस्तर लिहायचं आहे.

सूनबाई व्हिएतनामची. मुलगा काजूच्या यंत्रांच्या कामात आहे. काजूगर परदेशी पाठवण्यात व्हिएतनामचा नंबर जगात पहिला, आणि तिथला काजू म्हणजे दक्षिणेतला बिन्ह फुओक भाग. मुलगा यंत्रं बघायला तिथे गेला आणि दोघांची ओळख झाली. तिच्या देशात लग्नानंतर बाई आडनाव बदलत नाही. आमच्याकडे लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने नवं नाव लिहितात, तेव्हा मुलाने तिचं होतं तेच नाव लिहिलं. ते ताट मी स्वतः समोर धरलं होतं. मग घराच्या पाटीवर एकच आडनाव कसं चालेल?

आधी मी दुसऱ्या एका ठिकाणी गेले होते, ॲक्रिलिकवर मशीनने अक्षरं कापून देतात तिथे. Nguyen हे इंग्रजी स्पेलिंग बघून त्यांनी ‘न्गुयेन’ टाइप केलं. तसा उच्चार कोणीच करत नाही, असं म्हटल्यावर ‘नुयेन’ केलं. मी कागदावर ङ्विएन लिहून दिलं, तर स्क्रीनवर ङ एकीकडे, त्याचा पाय मोडलेला, वि दुसरीकडे. ‘इंग्रजीतच करा ना बाई, सगळे तसंच करतात,’ असं उत्तर मिळालं. मी एकतीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं. घराच्या दारावर सुनेचं नाव मोडकं लावणार नाही, असं सांगून मी बाहेर पडले.

चितारआळीत मात्र पहिला प्रश्न आला तो असा: “ह्यां नाव बोलतत कसां, ता आधी माका आयकवा.”

मी सूनबाईला फोन लावला. तिने तीनदा म्हणून दाखवलं. एकच अक्षरखंड, एका श्वासात, सूर मध्येच खाली जाऊन वर येणारा. सूर आपल्या लिपीत येत नाही, तो सोडावा लागतो. पण सुरुवातीचा आवाज आपल्याकडे आहे! मुळाक्षरांच्या तक्त्यावर ‘क ख ग घ’ झालं की मुलं ङ पाशी अडखळायची, आणि मी दरवर्षी वाङ्मय हा एकच शब्द पुढे करायचे. खरं तर शंख, गंगा, पंखा म्हणताना आपण ङ रोजच उच्चारतो, फक्त टिंब देऊन मोकळे होतो. कारागिराला मी म्हटलं, ‘शंख’ म्हणा आणि ख म्हणायच्या आधी थांबा. जीभ मागे जिथे टेकली आहे, तिथूनच पुढे ‘विएन’ म्हणा. चौथ्या खेपेला त्याला जमलं. फोनवर पलीकडून सूनबाईने टाळ्या वाजवल्या. तिच्या दक्षिणेकडे शेवटचा न सुद्धा ङ कडे झुकतो, पण लिहिताना तिथे न असतो, म्हणून आम्ही न ठेवला.

“ह्यां अक्षर माका आजपर्यंत कोणी सांगूक नाय, बाई,” तो म्हणाला. मग विचारलं, या आडनावाची तिकडे किती घरं?

आमच्या वाडीत सगळे परबच. म्हणून वरचे परब, विहिरीकडचे परब, मास्तरांचे परब असं बोलावं लागतं. व्हिएतनाममध्ये हे देशभराचं आहे. दर शंभर माणसांत तीस-चाळीस जणांचं हे एकच आडनाव, आणि देशाची लोकसंख्या दहा कोटींच्या वर. त्यामुळे तिथे आडनावाने हाकच मारत नाहीत. आडनाव पहिलं, मधलं नाव मग, आणि हाक मारायची ती शेवटच्या नावाने. मोठ्या साहेबालाही ‘श्रीयुत अमुक’ म्हणताना शेवटचंच नाव घेतात. हो ची मिन्ह यांचं जन्माच्या वेळचं आडनावही हेच होतं.

“म्हणजे अर्धो देश एका भावकीचो?” हा त्याचा पुढचा प्रश्न मला फार आवडला, कारण मीही सुनेला हेच विचारलं होतं. नाही, भावकी नाही. व्हिएतनामने चीनच्या राजवटीखाली हजारेक वर्षं काढली, तेव्हा चिनी पद्धतीची आडनावं तिकडे आली. हे त्यातलंच एक. चिनी भाषेत त्याच अक्षराचा उच्चार ‘र्वान’. त्या नावाचं एक लहानसं प्राचीन राज्य आजच्या गान्सू प्रांतात होतं. त्याच नावाचं गोल पोटाचं एक तंतुवाद्यही आहे, म्हणून या आडनावाचा अर्थच ते वाद्य, असं पुष्कळ जण सांगतात. मला ते पटत नाही. वाद्याला नाव मिळालं ते र्वान श्येन या तिसऱ्या शतकातल्या वादकावरून, म्हणजे वाद्यानेच माणसाचं आडनाव घेतलं.

ते इतकं पसरलं त्यामागे भीतीही आहे. तेराव्या शतकात ली घराण्याची गादी त्रान घराण्याकडे गेली. १२३२ साली उरलेल्या ली लोकांना आडनाव टाकून हे घ्यायला लावलं. नव्या राजाच्या पूर्वजाचं नाव ली, ते कोणी उच्चारायचं नाही, हे सांगायला कारण. जुन्या राजाची आठवण पुसायची, हे खरं. पुढे १५९२ मध्ये माक घराणं पडलं, तेव्हा त्यांच्यातल्या कितीतरी जणांनी जीव वाचवायला हेच आडनाव धरलं. आणि १८०२ पासून १९४५ पर्यंत गादीवर याच आडनावाचे राजे होते. तेव्हा कोणाला ते बक्षीस म्हणून मिळालं, कोणी आपणहून घेतलं. आपल्याकडे गाव सोडलं तरी ‘कर’ लावून माणूस गावाचं नाव बरोबर नेतो. तिकडे कितीतरी घरांनी आपलं मूळ नाव या एका नावाखाली झाकून ठेवलं. सुनेच्या घरचं मूळ कुठलं, ते तिलाही सांगता येत नाही. हे ऐकताना कारागिराने पटाशी खाली ठेवली होती.

आता कामाबद्दल. ङ च्या पोटात व खाली बसवून त्याने खरं जोडाक्षर केलं, आणि पहिली वेलांटी पूर्ण जोडाक्षराच्या आधी घेतली. हे मी सांगितलं नव्हतं. ङ चा टिंब उठावात कोरला तर पुसता पुसता झिजेल आणि लोक ड वाचतील, म्हणून तिथे पितळेचा गोल डोक्याचा बारीक खिळा ठोकला. संध्याकाळी पडवीतला दिवा लागला की तेवढा ठिपका चमकतो. लाकूड सूनबाईने निवडलं. तिच्याकडे देवघर आणि बुद्धाच्या मूर्ती फणसाच्या लाकडाच्या करतात. दुकानात रंधा मारलेला पिवळा फणस दिसल्यावर तिने दुसऱ्या कशाला हातच लावला नाही.

उणं आहे तेही सांगते. आठ दिवस म्हणाले होते, एकोणीस लागले, आणि दोनदा आमची वेंगुर्ल्याहून फुकट खेप झाली. फोन केला असता तर वाचली असती. मागच्या कड्या हलक्या होत्या, त्या आम्ही बदलून घेतल्या. खाली लहान रोमन अक्षरांतही आडनाव आहे. त्यातल्या ई वर टोपी आणि टोपीवर लाट असते, ती लाट पहिल्यांदा राहून गेली. ती नसेल तर सूरच जातो. दाखवल्यावर माझ्यासमोर कोरून दिली, पैसे घेतले नाहीत.

तुमचं नाव अवघड असेल तर स्वतः जा, म्हणून दाखवा. नुसतं मेसेजवर पाठवू नका. अर्धे पैसे आगाऊ द्यावे लागतात. गणपतीच्या आधी महिनाभर पाट-चौरंगांची कामं असतात, तेव्हा ते पाटी घेत नाहीत. काजूच्या कारखान्यासाठी तीन फुटी पाटी मी आताच सांगून ठेवली आहे, याच दोन नावांची. त्यात ङ्विएन आधी घ्यायला सांगितलं आहे.