कागदी मायक्रोस्कोप : पोरांसाठी घ्याच

घरात पाचवी-सहावीच्या पुढचं पोरगं असेल तर हा घ्याच, लय भारी वस्तू आहे. जाड कागदाच्या घड्या घालून आपणच जोडायचा, मधे मोहरीएवढं काचेचं एकच गोल भिंग, आणि पाचशेच्या आत मिळतो. डेल्फ्टचा कापडव्यापारी लेवेनहूक पण असल्याच एका भिंगातून बघायचा आणि 1674 ला तळ्याच्या पाण्यातल्या हिरव्या पीळदार पट्ट्या बघून त्यानं लंडनच्या रॉयल सोसायटीला, म्हणजे शास्त्रज्ञांच्या संस्थेला, पत्र लिहिलं होतं. आम्ही रंकाळ्याच्या कडेचं तंतूसारखं शेवाळ आणलं, एकच तंतू स्लाइडवर ठेवला तर आत हिरवी पट्टी पीळ घालत गेलेली, अगदी स्पष्ट, पोरगी जागची हलेना.

मग बाटलीचं बूच. 1665 ला रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञानं बुचाचाच पातळ काप काढून काळ्या पट्टीवर ठेवला आणि भिंगानं त्यावर उजेड पाडून बघितलं, पेशीला सेल हे नाव तिथंच पडलं. पण बुचाच्या पेशी मेलेल्या, त्यामुळं नुसत्या भिंती दिसतात, आत काही नाही. आता कांद्याचा पापुद्रा घ्या, टिंक्चर आयोडीनचा थेंब टाका, प्रत्येक पेशीत एक गडद ठिपका दिसतो बघा, तो केंद्रक. त्याला नाव दिलं रॉबर्ट ब्राऊन या वनस्पतिशास्त्रज्ञानं, 1831 ला, ऑर्किडच्या पेशी बघताना, म्हणजे हूकनंतर तब्बल 166 वर्षांनी! पुस्तकात हे सगळं दोन ओळीत उरकतात, त्यामुळं पोरांना त्याचं काहीच वाटत नाही.

उसाचा आडवा काप तर बघाच, पाणी आणि साखर वाहून नेणाऱ्या नळ्यांचे गुच्छ सगळीकडं विखुरलेले दिसतात. फक्त काप एकदम पातळ पाहिजे, नवीन ब्लेड घ्या आणि ते काम मोठ्यांनी करा, जाड झाला की काळा डाग सोडून काय दिसत नाही. जास्वंदीचे परागकण मात्र तसेच स्लाइडवर झटकायचे, काटेरी गोळे दिसतात, भारी एकदम.

कमी काय, तर फोकस अंगठ्यानं सरकवायचा, हात जरा हलला की चित्र गेलं. चष्मा असेल तर डोळा नीट टेकत नाही, मग सोबतच्या चुंबकानं मोबाइलच्या कॅमेऱ्याला लावा, सगळ्यांना एकदम दिसतं. माहितीपत्रक इंग्रजीत आहे, मराठी शाळेतल्या पोरांसाठी मराठीत पाहिजेच होतं.

माझ्याकडून पाचपैकी चार. दिवसा खिडकीच्या उजेडाकडं धरून बघा, सूर्याकडं मात्र कधीच धरू नका, पोरांना आधीच सांगून ठेवा.