ईस्ट लोथियनची गोल्फ मैदाने: एकच दिवस हाती असेल तर नॉर्थ बेरिक

स्कॉटलंडमध्ये एडिंबराच्या पूर्वेस, फोर्थच्या खाडीला लागून असलेल्या ईस्ट लोथियन या छोट्या किनारी भागात वीसच्या आसपास गोल्फ मैदाने आहेत. येथे जाऊ इच्छिणाऱ्या बहुतेकांच्या यादीत मुअरफिल्ड हे मैदान पहिले असते. माझे मत वेगळे आहे. एकाच फेरीपुरता वेळ असेल, तर ती नॉर्थ बेरिक गावाच्या वेस्ट लिंक्सवर (लिंक्स म्हणजे समुद्रकाठचे वाळूमय गोल्फ मैदान) खेळावी.

मुअरफिल्डचा दर्जा वादातीत आहे. १७४४ साली खेळाचे पहिले लेखी नियम करणाऱ्या मंडळींचा क्लब १८९१ मध्ये येथे स्थिरावला आणि दुसऱ्याच वर्षी, म्हणजे १८९२ मध्ये, ७२ होल्सची (होल म्हणजे पहिल्या फटक्याच्या जागेपासून खळग्यापर्यंतचा एक टप्पा) पहिली ओपन, ही ब्रिटनची प्रतिष्ठेची स्पर्धा, याच मैदानावर झाली. पहिले नऊ होल्स बाहेरून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने आणि पुढचे नऊ त्यांच्या आत उलट दिशेने फिरतात. त्यामुळे वारा सतत वेगळ्या बाजूने येतो आणि खेळाडूला एकाच अंदाजावर विसंबून राहता येत नाही. संकटे बहुतांशी टीवरूनच, म्हणजे पहिला फटका मारण्याच्या जागेवरूनच, दिसतात, चांगल्या फटक्याचे चीज होते. मात्र पाहुण्यांना ठराविक दिवशीच प्रवेश मिळतो, शुल्क जबर आहे आणि महिलांना सदस्यत्व देण्याचा निर्णय होण्यास २०१७ साल उजाडावे लागले. तो निर्णय झाल्यावर २०२२ मध्ये महिलांची ओपन स्पर्धा येथे खेळली गेली, ही समाधानाची गोष्ट आहे.

नॉर्थ बेरिकमध्ये असा काटेकोर न्याय शोधू नये. तेराव्या होलवर ग्रीनच्या (खळग्याभोवतालच्या अगदी बारीक कापलेल्या हिरवळीच्या) अगदी पुढ्यात दगडी गडगा आहे, आणि चेंडू त्याच्या वरून काढल्याशिवाय गत्यंतर नाही. आजचा कोणताही आराखडाकार असा गडगा आधी पाडून टाकील. येथे तो जपला आहे, आणि त्याबद्दल या क्लबचे आभारच मानले पाहिजेत. चौदाव्यावर ग्रीनकडचा फटका समोरचे काही न दिसता मारावा लागतो. पंधरावा ‘रेडॅन’ हा पार-३ (तीन फटक्यांत पूर्ण होणे अपेक्षित असलेला) होल तर जगभर सर्वाधिक नकला झालेल्या होल्सपैकी एक आहे. क्रिमियन युद्धातील एका बुरुजावरून त्याचे नाव पडले. ग्रीन तिरके आहे, पुढच्या उजव्या बाजूकडून मागच्या डाव्या बाजूकडे उतरणारे. डाव्या अंगाला खोल बंकर (वाळूचा खड्डा) आणि मध्ये उंचवटा, त्यामुळे ग्रीनचा बराचसा भाग टीवरून दिसतच नाही. झेंड्यावर थेट नेम धरण्यापेक्षा चेंडू उजवीकडे टाकून उताराला त्याचे काम करू देणे शहाणपणाचे ठरते. सोळाव्याच्या ग्रीनला तर मधोमध आडवी घळ आहे. चुकीच्या भागावर चेंडू थांबला की दोन पटमध्ये (ग्रीनवर चेंडू घरंगळवण्याच्या फटक्यांमध्ये) सुटका होणे कठीण.

पुण्यात किंवा चेंबूरला झाडांच्या रांगांमधून उंच फटके मारण्याची सवय झालेल्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. येथील जमीन वाळूमिश्रित, टणक आणि लवकर निचरा होणारी आहे, शिवाय वारा क्वचितच पडतो. म्हणून चेंडू खालून, जमिनीलगत घरंगळत नेणे हाच येथला खरा खेळ आहे.

याच भागातील गलन गावाची तीन मैदानेही उत्तम आहेत. त्यांतील पहिल्या क्रमांकाच्या मैदानावर टेकडीच्या माथ्यावरून दिसणारा खाडीचा विस्तार अपूर्व आहे. गावात मुलांसाठी सहा होल्सचे स्वतंत्र छोटे मैदान आहे, याचे मला विशेष कौतुक वाटते.

कमी खर्चात इतिहास अनुभवायचा असेल, तर याच भागातील मसलबरा गावाचे नऊ होल्सचे जुने मैदान निवडावे. १८७४ ते १८८९ या काळात तेथे सहा वेळा ओपन स्पर्धा झाली. हे मैदान घोड्यांच्या शर्यतीच्या धावपट्टीच्या आत असल्याने शर्यतीच्या दिवशी तेथे खेळता येत नाही. म्हणून जाण्यापूर्वी शर्यतींचे वेळापत्रक अवश्य पाहावे. नॉर्थ बेरिकला मात्र एडिंबराहून थेट रेल्वेगाडी आहे, प्रवास सुमारे अर्ध्या तासाचा आहे आणि स्थानकापासून मैदान चालत जाण्याच्या अंतरावर आहे.