सीलबंद पिशवीतल्या जुन्या डिस्क

लग्नाचं शूटिंग करणारे आपल्या लातूर-नांदेडकडचे बरेच जण सध्या जुन्या नॅसवरचा, म्हणजे नेटवर्कला जोडलेल्या अनेक डिस्कांच्या पेटीवरचा, डेटा मोठ्या डिस्कांवर हलवतायत. फोर-के आल्यापासून जागा पुरतच नाही. माझा उदगीरला स्टुडिओ आहे. रेड-५ मध्ये, म्हणजे एका डिस्कएवढी जागा बचावासाठी राखून सगळ्या डिस्क एकत्र चालवणाऱ्या मांडणीत, ४ टीबीच्या चार डिस्क होत्या. ८ टीबीच्या चार घेतल्या की १२ ऐवजी २४ टीबी वापरायला मिळतात. संभाजीनगरच्या एका डीलरकडून नव्या म्हणून घेतल्या. चारही वापरलेल्या निघाल्या.

माणूस बोलायला गोड. "दादा, पक्कं बिल कशाला? अठरा टक्के उगंच जातेत. वॉरंटीचं मी बघतो की." आग्रह धरल्यावर बिल दिलं, पण त्यावर नुसतं 'हार्ड डिस्क ४ नग'. सिरीयल नंबर नाहीत. ते लिहूनच घ्या. शिवाय त्याची एक गळ होती: जुन्या डिस्क आजच बदल्यात द्या, हा भाव उद्या नाही. इथं अजिबात भुलू नका. गिगाबिट केबलवर १ टीबी उतरायला साधारण अडीच तास लागतात, त्यावर पडताळणी वेगळी. तोवर जुना संच घरातून हलता कामा नये. मी दिला नाही, म्हणून गिऱ्हाइकांना तोंड दाखवतोय.

कॉपी निम्म्यावर असताना एक डिस्क संचातून बाहेर पडली. रेड-५ मध्ये एक गेली तर निभावतं, दुसरी गेली की सगळंच गेलं, आणि इथं तर चारही एकाच लॉटच्या. नॅसच्या पानावर मात्र डिस्कांची तब्येत हिरवी, चालू तास तिसाच्या आत. डिस्क बाहेर काढली. पिशवी कोरी, पण स्क्रूच्या भोकांतले आटे घासलेले आणि कनेक्टरच्या सोनेरी पट्ट्यांवर ओरखडे!

हे तास येतात स्मार्टमधून, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते त्या नोंदीतून, आणि ते पुसता येतात. सीगेटच्या डिस्कमध्ये 'फार्म' नावाची वेगळी नोंद असते, डिस्क तपासायच्या स्मार्टमॉनटूल्स या सॉफ्टवेअरच्या ७.४ पासूनच्या आवृत्तीत ती वाचता येते. २०२५ च्या सुरुवातीला युरोपात वापरलेल्या डिस्क नव्या म्हणून विकल्याचं उघडकीस आलं, ते याच नोंदीमुळं. माझ्या डिस्कवर ३१ हजार तास निघाले, म्हणजे साडेतीन वर्षांची अखंड चाकरी. सिरीयल नंबर कंपनीच्या साइटवर टाकला, तर थेट वॉरंटीही नाही.

डीलरला विचारलं तर उलट मलाच कायदा शिकवायला लागला: "धंद्याचा माल हाय, ग्राहक आयोगात चालत नाही." धादांत खोटं. पोटापाण्यासाठी स्वयंरोजगार करणारा, स्वतः वापरायला माल घेत असेल, तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात तो ग्राहकच धरला जातो. १९१५ या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, तसा फोन आला: पैसे देतो, पण तक्रार मागं घेतल्याचं आधी लिहून द्या. आधी पैसे खात्यात येऊ द्या म्हटलं. अजून आलेले नाहीत.