थार, रॉक्स की जिम्नी? कोकणातल्या घरासाठी फोर बाय फोर निवडताना

शोरूममध्ये जाण्याआधी टेप घेऊन घराकडे वळणाऱ्या शेवटच्या वाटेवर जा आणि दोन गडग्यांमधली (दगडी कुंपणांमधली) सगळ्यात चिंचोळी जागा मोजा. मारुतीच्या जिम्नीची रुंदी १,६४५ मिलिमीटर, महिंद्राच्या तीन दारांच्या थारची १,८२०, तिच्याच पाच दारांच्या मोठ्या बहिणीची, रॉक्सची १,८७०. आरसे यात धरलेले नाहीत. आठ फुटी वाट म्हणजे साधारण २,४४० मिलिमीटर. तिथून रॉक्स काढताना प्रत्येक बाजूला फूटभरही उरत नाही आणि त्यातलेही काही इंच आरसे खातात. जिम्नीला त्याच वाटेवर बाजूला सव्वा फूट मिळतो. जांभ्याचा चिरा दाराला घासला तर नुसता रंग जात नाही, पत्र्यावर चर पडतो. शिवाय समोरून रिक्षा आली की मागे कोणी जायचं, हे रोजचंच.

लांबीचंही तेच. थार आणि जिम्नी दोन्ही ३,९८५ मिलिमीटरच्या, रॉक्स ४,४२८. पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर थारचं २,४५०, रॉक्सचं २,८५०. खळ्यात, म्हणजे अंगणात, एका कडेला विहीर आणि दुसऱ्या कडेला वृंदावन असेल, तर रॉक्स वळवायला तीन-चार वेळा पुढे-मागे करावं लागणार. हे एकदा करायला काही वाटत नाही, पण बाजारातून मासळी घेऊन येताना रोज करावं लागलं की कंटाळा येतो. रस्त्याकडेला मोकळं आवार असलेल्यांनी हे दोन्ही परिच्छेद सोडून दिले तरी चालेल.

फोर बाय फोर नक्की लागते कोणाला?

खरं सांगायचं तर कोकणातली पुष्कळशी आंबा वाहतूक मागच्या चाकांवर चालणाऱ्या साध्या पिकअपवर आणि जुन्या बोलेरोवर होते. सड्यावरच्या (खडकाळ माळावरच्या) कलमांपर्यंत पेट्या आणायला त्या जातात, कारण आंबा मार्च ते मे या कोरड्या दिवसांत उतरतो. अडचण जूनमध्ये सुरू होते. बागेत शेणखत टाकायला जाणारी लाल मातीची चढण, शेवाळलेला सिमेंटचा उतार, ओहोटीच्या वेळी फेरीबोटीच्या जेटीचा ओला, चिकट रॅम्प. अशा ठिकाणी एक चाक जागच्या जागी फिरायला लागलं की पुढची चाकंही ओढायला असणं (हीच फोर बाय फोर) आणि लो गिअर, म्हणजे गाडी अगदी हळू पण जास्त जोराने ओढणारा वेगळा गिअर असणं, यांची किंमत कळते. लो गिअर चढण्यापेक्षा उतरताना जास्त कामाला येतो. ब्रेकवर पाय न ठेवता गाडी मुंगीच्या गतीने खाली येते, सहसा घसरत नाही.

इथे एक सापळा आहे, तो नीट समजून घ्या. दिसायला सगळ्या थार सारख्याच, पण प्रत्येक थार फोर बाय फोर नसते. १.५ लिटर डिझेलची थार फक्त मागच्या चाकांवर चालते, लो गिअरही नाही. रॉक्सचं पेट्रोल इंजिनही मागच्या चाकांचंच. रॉक्समध्ये फोर बाय फोर हवी तर डिझेलच घ्यावं लागतं. जिम्नीत असा प्रश्न येत नाही, तिचा कुठलाही प्रकार घ्या, फोर बाय फोर आणि लो गिअर सोबत येतात. बागेसाठी गाडी घेणाऱ्याने केवळ स्वस्त पडते म्हणून मागच्या चाकांची थार घेऊ नये. मागची बाजू रिकामी आणि हलकी असली की ओल्या चढणीवर ती जिथल्या तिथे चाकं फिरवत बसते. हमरस्त्याला घर आहे आणि रुबाब हवा आहे, त्यांना ती छान आहे, आणि सप्टेंबर २०२५ पासून तिच्यावर जीएसटी १८ टक्के आहे. दोन लिटर पेट्रोल किंवा २.२ लिटर डिझेल थार, रॉक्स आणि १.५ लिटर पेट्रोलची जिम्नी या सगळ्या ४० टक्क्यांत मोडतात. वर महाराष्ट्रात खासगी डिझेल गाडीचा रस्ता कर पेट्रोलपेक्षा जास्त, दहा ते वीस लाखांच्या टप्प्यात १४ टक्के, पेट्रोलला १२.

आणखी एक गोष्ट विक्रेते क्वचितच सांगतात. या तिन्हींची फोर बाय फोर जोडणी 'पार्ट टाइम' प्रकारची आहे, म्हणजे पुढचा आणि मागचा धुरा यांच्या मधोमध, वळणात त्यांच्या वेगातला फरक सामावून घेणारं डिफरन्शियल नाही. म्हणून कोरड्या डांबरावर ती लावून वळण घेतलं की गिअर आणि धुरे एकमेकांविरुद्ध ताणले जातात. ओलं, मऊ, निसरडं असेल तिथेच लावा. मात्र महिन्यातून एकदा मोकळ्या मातीवर थोडं अंतर लावून चालवा, म्हणजे आतली तेलं फिरतात आणि ऐन पावसात लिव्हर अडकत नाही.

मागच्या सीटवर कोण बसणार

थारचा निकाल इथेच लागतो. तीन दारांमुळे मागे जायचं तर पुढची सीट दुमडून चढावं लागतं. गुडघे दुखणाऱ्या आजीला आरतीसाठी शेजारच्या वाडीत न्यायचं असेल, तर ती पुढेच बसणार आणि बाकीच्यांनी कसरत करायची. मागच्या काचा उघडत नाहीत. २०२५ च्या सुधारित थारमध्ये मागे एसीचे व्हेंट आले, हे बरं झालं. आधी मे महिन्यात मागे बसणाऱ्यांचे हाल व्हायचे. नवरा-बायको आणि एखादं लहान मूल एवढंच घर असेल तर थारसारखी मजा नाही. त्यापलीकडे घर मोठं असेल तर ती दुसरी गाडी म्हणून घ्या, एकुलती म्हणून नको. कापडी टपाची जुनी थार तर खाऱ्या हवेच्या आणि चार महिन्यांच्या पावसाच्या गावात कशासाठी घ्यावी, मला कळत नाही.

जिम्नीला पाच दारं आहेत, काचा उतरतात, पण बसायला चौघंच. मागची सीट उभी असताना डिकी २०८ लिटर, म्हणजे दोन बॅगा आणि एक पिशवी. गणपतीला मुंबईहून चौघं येणार आणि सामानही आणणार असतील, तर टपावर कॅरिअर लागेलच. पण मागची सीट आडवी केली की एकट्या बागायतदाराला आंब्याचे क्रेट न्यायला सपाट जागा मिळते. रॉक्समध्ये पाच जण खरोखर बसतात, पाय पसरून, आणि सामानही मागे राहतं. मुंबई-कोकण सतत ये-जा करणाऱ्या कुटुंबाला या तिघींपैकी तीच शोभते.

तिन्हींचं स्टेपनी चाक मागच्या दारावर आहे आणि दार बाजूला उघडतं. गाडी गडग्याला लावून मागे घेतली तर दार उघडत नाही, हे लक्षात ठेवूनच लावावी लागते. थार आणि रॉक्समध्ये आधी काच वर करायची, मग दार; पावसात एका हातात छत्री धरून हे करून बघा.

डिझेल की पेट्रोल

गावात राहणाऱ्याची गाडी दिवसाला किती चालते? बाजार, बँक, शाळा, संध्याकाळी समुद्रावर. बीएस सहा या प्रदूषण नियमांच्या डिझेल गाड्यांमध्ये धुरातली काजळी अडवणारी जाळी असते, डीपीएफ. ती साफ व्हायला गाडी बराच वेळ एका वेगात, गरम चालावी लागते. रोज तीन-चार किलोमीटरच चाललात तर जाळी तुंबते, बोर्डावर दिवा लागतो, आणि मग निवळी ते राजापूर अशी उगाच फेरी मारावी लागते. महिन्यातून दोनदा मुंबईला किंवा कोल्हापूरला जाणाऱ्याला हा त्रास नाही. केवळ गावातल्या गावात फिरणाऱ्याने पेट्रोलच घ्यावं, म्हणजे पर्याय जिम्नी किंवा पेट्रोल फोर बाय फोर थार.

जिम्नीची टाकी ४० लिटरची, थार आणि रॉक्सची ५७. रेवस ते रेडी या सागरी रस्त्यावर पंप विरळ आहेत, अर्ध्याखाली काटा गेला की पहिला दिसेल तिथे भरून घ्यायची सवय जिम्नीवाल्याला लागते. कंपनीने मॅन्युअलचं सांगितलेलं मायलेज १६.९४ आहे, घाटात ते विसरा.

घाट म्हटला की जिम्नीची दुखरी बाजू. १.५ लिटर, १३४ न्यूटन मीटर, आणि ऑटोमॅटिक अजून चारच गिअरचं. कुंभार्ली घाटात चौघं आणि सामान घेऊन ट्रकला ओव्हरटेक करताना इंजिन ओरडतं, गाडी मात्र निवांत असते. जिम्नी घ्यायचीच तर मॅन्युअल घ्या. रॉक्स डिझेल याच घाटात दमत नाही. मुंबई-गोवा महामार्गाची वर्षानुवर्षं चाललेली कामं, वळवलेले रस्ते, न दिसणारे खड्डे, यांवरही रॉक्सची मागची बाजू कमी उडते. छोट्या थारमध्ये मागे बसलेला माणूस संगमेश्वरपर्यंत सगळे खड्डे पाठ करतो. सुरक्षेत रॉक्सला भारत एनकॅप या टक्कर-चाचणीचे पाच तारे आहेत, थारला २०२० मध्ये ग्लोबल एनकॅपने चार दिले. लहान, तीन दारांच्या जिम्नीला युरोपात २०१८ मध्ये तीनच मिळाले होते, तरी इथे विकली जाणारी पाच दारांची सहा एअरबॅगांसह येते.

मीठ, गंज आणि समुद्र

ही तिन्हींची सारखीच दुखणी, म्हणून इथे निवड होत नाही, खर्च मात्र ठरतो. तिन्ही शिडीच्या चौकटीवर बांधलेल्या आहेत, आणि त्या चौकटीच्या पोकळीत खारट ओल जाऊन बसते. दाभोळ-धोपावे, जयगड-तवसाळ, दिघी-आगरदांडा अशा फेरीबोटींवरून गाडी नेली की परतल्यावर खालून गोड्या पाण्याचा मारा करा. वरचं धुणं नंतर, आधी चाकांच्या आतल्या कडा आणि चौकट. अंडरबॉडी कोटिंग नवीनच असताना करून घ्या, पण करणारा पाणी निथळायची भोकं बुजवत नाही ना हे उभं राहून बघा. बुजवली तर कोटिंगच गंज वाढवतं. सकाळी पहिल्यांदा ब्रेक लावताना खरखर आवाज येईल, ब्रेकच्या तबकड्यांवर रात्रीत तांब चढते, घाबरायचं कारण नाही. गाडी महिनोन् महिने गावात उभी ठेवणाऱ्या चाकरमान्यांनी बॅटरीची तार काढून ठेवावी आणि बॉनेटखाली उंदीर घर करणार हे गृहीत धरावं.

आणि वाळूत गाडी घालू नका. बहुतेक किनाऱ्यांवर बंदीचे फलक आहेत, पोलीस गुन्हे दाखल करतात, तरी दर मोसमात कुठे ना कुठे एखादी महागडी गाडी भरतीत बुडते आणि जेसीबी बोलवावा लागतो. फोर बाय फोर असली तरी ओल्या वाळूत चाकं रुतली की पोट टेकतं, मग चाकं एकत्र फिरवणारं कुठलंच लॉक उपयोगाचं नाही. वेळास, आंजर्ले, गुहागरकडे ऑलिव्ह रिडले कासवं हिवाळ्यात अंडी घालतात, तिथे टायरखाली काय चिरडलं जाईल ते वरून दिसतही नाही.

पाण्यात किती खोल जाता येतं, याचे आकडे (थार आणि रॉक्सचा ६५० मिलिमीटर) संथ पाण्याचे असतात. साकवावरून वाहणाऱ्या पऱ्याला (ओढ्याला) ते लागू नाहीत. गुडघाभर धारही गाडी बाजूला ढकलते. जुलै २०२१ मध्ये चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी घराघरांत शिरलं, तिथे गाडीची उंची काय कामाची होती? विमा घेताना इंजिनाचं वेगळं संरक्षण जोडून घ्या, आणि पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा चालू करू नका. आत गेलेलं पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि तोच दावा नाकारायला कंपनीला पहिलं निमित्त मिळतं.

चौथी गाडी, फोर्स कंपनीची गुरखा, मुद्दाम शेवटी ठेवली. दोन्ही धुऱ्यांना लॉक, कारखान्यातूनच बसवलेला स्नॉर्केल (इंजिनाला उंचावरून हवा देणारा नळ), ७०० मिलिमीटर पाणी, २३३ मिलिमीटर उंच पोट. ओढ्यापलीकडच्या बागेला तिच्याइतकी योग्य गाडी या पैशांत नाही. पण ऑटोमॅटिक नाही, उंची दोन मीटरहून जास्त म्हणून पोफळीच्या झावळ्या आणि पत्र्याची शेड दोन्हींचा विचार करावा लागतो, आणि सेवा केंद्र जवळ आहे का हे आधी विचारा. त्या बाबतीत मारुतीचं जाळं सगळ्यात दाट, आणि महिंद्राचं काम येणारा मिस्त्री प्रत्येक नाक्यावर सापडतो, कारण बोलेरो प्रत्येक वाडीत आहे.

माझा कल विचाराल तर गावातच राहणाऱ्या, चिंचोळ्या वाटेच्या, कलमांच्या माणसाला मॅन्युअल जिम्नी. मुंबई-पुण्याहून घरच्यांसह ये-जा करणाऱ्याला डिझेल रॉक्स, आणि फोर बाय फोरसाठीचे जास्तीचे पैसे बागेची चढण खरोखर असेल तरच. टेस्ट ड्राइव्ह मात्र शोरूमच्या रस्त्यावर घेऊ नका. गाडी घरापर्यंत आणायला सांगा, विक्रेते पुष्कळदा तयार होतात, आणि आजीला मागे बसवूनच ती खळ्यात वळवून बघा.