आशाची पिशवी: बारा पावसाळे खांद्यावर वागवल्यावर

नव्या भरतीतल्या दोन आशा, म्हणजे गावात घरोघर जाऊन आरोग्याचं काम करणाऱ्या बाया, परवा माझ्या घरी कोऱ्या पिशव्या घेऊन आल्या. एकीनं विचारलं, "ताई, ह्यातलं खरं कामाचं काय, आणि नुसतं वागवायचं काय?" तिला चहा होईपर्यंत जेवढं सांगून झालं तेवढं सांगितलं. राहिलेलं इथं लिहिते.

मी पाटण तालुक्यात कोयनेच्या बाजूला आशा आहे, 2010 पासून. नवजात बाळाची पिशवी हातात आली 2013 साली. तिच्यात वजनकाटा आणि त्याची झोळी, डिजिटल थर्मामीटर, आकड्यांचं मनगटी घड्याळ, बॅटरी, बाळाची उबदार पिशवी, ब्लँकेट, दूध पाजायचा चमचा, घशातला चिकटा ओढायची नळी आणि साबणाची डबी. दवाखान्यात बाळंत होऊन घरी आलेल्या बाईकडं आम्ही 42 दिवसांत सहा वेळा जातो: 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी. बाळंतपण घरी झालं तर पहिल्या दिवसाची एक भेट वाढते. सगळ्या भेटी भरल्या की 250 रुपये. एका भेटीला 42 रुपयेसुद्धा पडत नाहीत, हे आधीच सांगते, म्हणजे पुढं बॅटरीचे सेल कुणाच्या पैशानं येतात त्याचा हिशेब तुमचा तुम्हाला लागेल.

ही पिशवी आमच्या ट्रेनिंगवाल्यांच्या डोक्यातून निघालेली नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या सर्च संस्थेनं गावातल्याच बायांना असं सामान देऊन, शिकवून घरोघर पाठवलं. आरोग्यदूत म्हणतात तिकडं त्यांना. त्या गावांतले नवजात बाळांचे मृत्यू 62 टक्क्यांनी कमी झाले, आणि ते 1999 साली लॅन्सेट नावाच्या मोठ्या वैद्यकीय साप्ताहिकात छापून आलं. सरकारनं 2011 मध्ये हेच काम देशभरच्या आशांकडं दिलं. ट्रेनिंगमध्ये हे ऐकलं तेव्हा मी मागच्या रांगेत बसून स्वेटर विणत होते. सुया थांबल्या.

आता सामानाचं.

वजनकाटा. पाचपैकी साडेचार. नळीसारखा स्प्रिंगचा काटा आहे, खाली हूक, हुकाला झोळी. रंगाचे पट्टे आहेत. 2.5 किलोच्या वर हिरवा, त्याखाली पिवळा, आणि 2 च्या खाली लाल. अक्षर न येणाऱ्या सासूलासुद्धा लाल पट्टा कळतो, समजावत बसावं लागत नाही.

अर्धा गुण कापला तो झोळीपायी. एकच झोळी देतात. बाळ झोळीत घातलं की हमखास मुततं, आणि आमच्या पावसात दोरीवरचं कापड तीन दिवस वाळत नाही. मी आईच्या जुन्या नऊवारीच्या दोन झोळ्या शिवून घेतल्या. पण झोळी बदलली की शून्य बदलतं. आधी रिकामी झोळी अडकवायची, वरचा स्क्रू फिरवून काटा शून्यावर आणायचा, मगच बाळ. पहिल्या वर्षी मी झोळी आणि दुपट्यासकट वजन लिहीत होते. एक बाळ 2.52 भरलं, हिरव्यात आलं, मी खूश. पुढं कधीतरी तेच कापड घरी नुसतं तोललं, तर 120 ग्रॅम! म्हणजे बाळ 2.4 चं होतं आणि मी त्याला पिवळ्यातून उचलून हिरव्यात बसवलं होतं. ते पोर आता सातवीला आहे, कबड्डी खेळतं. त्यात माझी काही हुशारी नाही.

स्प्रिंग सैल पडते, म्हणून महिन्यातून एकदा काटा तपासा. किराणा दुकानातली 1 किलो मिठाची बंद पिशवी झोळीत टाकायची आणि बघायचं. बास, बाकी काही लागत नाही.

ह्या मिठाच्या पिशवीचा दुसरा उपयोग मला एका आजींमुळं कळला. त्यांच्या नातवंडाचं जन्माचं वजन 2.1. तिसऱ्या दिवशी मी काटा काढला तर आजी दारातच आडव्या. "कोंबडी टांगल्यागत टांगतीस व्हय गं पोराला? आन् पाचवीच्या आदी वजन? दृष्ट लागंल." सून आत बाजेवर, भिंतीकडं तोंड करून. आजींशी वाद घालून उपयोग नसतो, हे मी माझ्या सासूबाईंपासून शिकले आहे. त्यांच्याच चुलीमागची मिठाची पिशवी मागून घेतली, झोळीत टाकली आणि म्हटलं, "आजी, एक किलो दाखवतंय का बघा. दुकानदारानं फसवलं असंल तर आत्ताच कळंल." आजी वाकून बघायला लागल्या. मग म्हणाल्या, "पोराला मी घालते झोळीत, तुझं हात गार हायेत." घाला म्हटलं. मी काटा डोळ्यासमोर धरला, बाळ बाजेपासून वीतभरच वर. निसटलं तरी गोधडीवरच पडेल, एवढ्याच उंचीवर धरायचं असतं. दोन किलो. पट्टा पिवळ्यात, लालच्या कडेला.

सातव्या दिवशी 1.95. पहिल्या आठवड्यात बाळ थोडं उतरतंच, पण घरच्यांना तो आकडा दिसला की माझ्याच पोटात गोळा येतो, कारण लगेच वरच्या दुधाची बाटली निघते. तिथं पिशवीतला चमचा कामाला आला. बाळ ओढायला कमी पडत होतं, म्हणून सुनेला दूध पिळून वाटीत काढायला शिकवलं आणि चमच्यानं पाजलं. आजी म्हणाल्या, "हे तर आमचं बोंडलंच की." हो, बोंडलंच. फक्त वापरायच्या आधी ते पाण्यात उकळून घ्यायचं. चौदाव्या दिवशी 2.15. त्या दिवशी मी चप्पल काढायच्या आतच आजींनी विचारलं, "आज किती?" काटा त्यांनी स्वतःच पिशवीतून काढला.

थर्मामीटर. पाचपैकी पाच, सेल असेपर्यंत. बारीक बटणाचा सेल गावात मिळत नाही, पाटणला जावं लागतं. मागणी दरवेळी लिहून देते आणि दरवेळी पर्समधून आणते. पण ह्या वस्तूशिवाय पावसाळ्यात घर सोडू नका. बाळ तापलेलं सगळ्यांना कळतं, गार पडलेलं कुणाला कळत नाही. काखेत 97 ते 99 फॅरनहाइट असलं की ठीक. एकदा जुलैत सकाळी दहाला एका घरी गेले. बाळ गपगार, शहाणं. आई कौतुकानं सांगत होती की अजिबात रडत नाही. थर्मामीटर 95.8. पहाटे अंघोळ घातली होती, पाऊण तास चोळून, आणि मग शेगडीजवळ ठेवलं होतं. खोलीत एवढा धूर की माझेच डोळे चुरचुरले. बाळाचे सगळे कपडे काढले, टोपी ठेवली, आईच्या उघड्या छातीवर पालथं घातलं आणि वरून गोधडी. आईला वाटलं मी काहीतरी टोटका करतेय. अर्ध्या तासानं 97.2, आणि बाळ रडलं. रडल्यावर मी पहिल्यांदा चहा घेतला.

त्यामुळं ती उबदार पिशवी: दोन गुण. चांगली शिवलेली आहे, पण एका घरातून दुसऱ्या घरात नेताना धुवून वाळवायची कुठं? आईची छाती आणि घरची गोधडी असताना मला तिची गरज फार क्वचित पडली. ब्लँकेट बरं आहे.

घड्याळ दिसायला खेळण्यासारखं, म्हणून नव्या पोरी ते घरी मुलाला देऊन टाकतात. देऊ नका. श्वास मोजायला ते लागतं, आणि मोबाईल चालत नाही. बरोबर चाळीसाव्या सेकंदाला स्क्रीन काळी होते, नाहीतर कुणाचा तरी फोन येतो. पट्टा दुसऱ्या वर्षी तुटला, मी परकराची नाडी बांधली आहे. दोन महिन्यांच्या आतलं बाळ शांत असताना पुरं एक मिनिट मोजायचं. 30 सेकंद मोजून दुप्पट करायचं नाही, कारण एवढी लहान बाळं मधेच श्वास धरतात. 60 किंवा जास्त आले तर परत एकदा मोजायचं. मी एकदा 68 मोजले. टीव्ही बंद करायला लावून परत मोजले, 66. बरगड्यांखाली पोट आत ओढलं जात होतं. बॅटरी मारून बघितलं, कारण लाईट नव्हती त्या कोपऱ्यात. बाळाच्या वडिलांचा पहिला प्रश्न, "पैसे किती लागतील?" सरकारी दवाखान्यात वर्षाच्या आतल्या आजारी बाळाला खर्च लागत नाही, औषध, तपासणी सगळं त्यात येतं, हे सांगितल्यावर माणूस उठला. शेअर जीप चालवणारा वडापवाला पोरगा गाडी भरायची वाट न बघता निघाला आणि पैसेही घेतले नाहीत. न्यूमोनिया निघाला. आठव्या दिवशी बाळ घरी आलं.

चिकटा ओढायची नळी अजून पाकिटातच आहे. आमच्याकडं बाळंतपणं आता दवाखान्यातच होतात, त्यामुळं तिला गुण देत नाही.

साबण घरच्यांसमोर वापरा. मी आधी हात धुतले की मागनं आजी, आत्या आपोआप मोरीकडं जातात. सांगितलं तर राग येतो.

पिशवीचं कापड मजबूत आहे, पण चेन तिसऱ्या पावसाळ्यात गेली. दुसरी पिशवी मिळेल असं ऐकून आहे, चार वर्षं झाली. तोवर सेफ्टी पिना आणि आत प्लॅस्टिकची पिशवी, नाहीतर भेटीचे फॉर्म भिजतात, आणि भिजलेल्या फॉर्मवर सिस्टर सही करत नाहीत. त्यांचंही बरोबर आहे, वाचता येत नाही.

मिठाची पिशवी मात्र दर पावसाळ्यानंतर बदला. आमच्या हवेत एकदा ती कोपऱ्यात फुटली, मिठाला पाणी सुटलं, आणि मी तिच्यावर भरवसा ठेवून चांगला काटा बिघडला म्हणून परत करायला निघाले होते.