आठ महिने, चार कॅमेरे आणि एक टोपी

तिसऱ्या महिन्यात आमची सायकल गेली. घराभोवती सीसीटीव्ही कॅमेरे लावलेले असताना गेली. सकाळी सगळे स्क्रीनसमोर जमलो. रात्री २ वाजून ४१ मिनिटांनी एक माणूस कंपाउंडवरून आत उतरला, सावकाश सायकल उचलली, फाटकाची कडी आतून काढली आणि निघून गेला. मागून आई म्हणाली, "टोपी मात्र छान दिसतेय रे." खरंच टोपीच दिसत होती. टोपीखाली नुसता पांढुरका फराटा. तो माणूस रोज समोरून जात असला तरी मला ओळखू येणार नाही.

तेव्हा माझे पहिले तीन महिने वेगळे आणि नंतरचे पाच वेगळे. सामान जवळजवळ तेच आहे. मधल्या काळात मी शिडीवर बराच वेळ काढला, एवढाच फरक.

घेतलं होतं ते असं: ४ मेगापिक्सेलचे चार कॅमेरे, त्यांतले तीन बुबुळासारखे फिरवता येणारे टरेट आणि एक काचेच्या घुमटातला डोम, शिवाय रेकॉर्डर आणि २ टीबीची डिस्क. सगळं पीओईवर, म्हणजे एकाच नेटवर्क केबलमधून वीजही जाते आणि चित्रही येतं. ही केबल १०० मीटरपर्यंत चालते, घराला तेवढी पुरून उरते. वायफायवाले आधी पाहिले होते. पण त्यांना वीज द्यायला वायर ओढावी लागतेच, मग वायरलेस कसलं? बॅटरीवाले एरवी झोपलेले असतात, हालचाल झाली की जागे होतात. जागे होईपर्यंत माणूस पुढे गेलेला असतो आणि पाठ तेवढी हाती लागते. भाड्याच्या घरात, भिंतीला भोकं पाडायची सोय नसेल तर ठीक. केबल मात्र शुद्ध तांब्याची घ्या. ब्लेडने तार खरवडली की आतून चंदेरी निघाली तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं अॅल्युमिनियम आहे, परत करा.

आता टोपीचं. कॅमेरे कुणी फोडू नयेत म्हणून मी ते साडेचार मीटरवर चढवले होते. एवढ्या उंचीवरून खाली बघितलं की माणसाचं टाळू दिसतं. दुसरी चूक लेन्सची. चारही कॅमेरे २.८ मिमीचे घेतले, कारण डब्यावर 'रुंद दृश्य' लिहिलं होतं आणि ते मला जास्तीचं काहीतरी मिळाल्यासारखं वाटलं. रुंद म्हणजे साधारण १०० अंश. पाळतीच्या कॅमेऱ्यांच्या आयईसी ६२६७६-४ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या २०१४ च्या आवृत्तीतला हिशेब असा, की अनोळखी माणसाचा चेहरा पक्का ओळखायला त्या जागी दर मीटरला २५० पिक्सेल पडायला हवेत. ओळखीचा माणूस ओळखायला १२५ पुरतात. माझ्या चित्राची रुंदी २५६० पिक्सेल. फाटक कॅमेऱ्यापासून ९ मीटरवर, तिथे २.८ मिमीच्या लेन्समध्ये सुमारे २१ मीटर रुंदीचा पट्टा मावतो. भागून बघा, १२० येतात. चार मीटरच्या पुढे या लेन्सकडून चेहऱ्याची अपेक्षा ठेवायचीच नाही. मेगापिक्सेल कितीही मोठ्या अक्षरांत छापलेले असोत, अंगण पसरट दिसतं आणि माणूस मुंगीएवढा होतो.

मग फाटकासाठी ६ मिमीचा, म्हणजे अरुंद दृश्याचा, एक नवा आणला. त्याच ९ मीटरवर आता २८० च्या आसपास पिक्सेल पडतात. तो अडीच मीटरवर लावला, हात उंचावून पोचता येईल असा. कुणी हात घालायला गेलाच तर आधी त्याचा चेहरा येईल, आणि जिन्याखालचा दुसरा कॅमेरा याच्याकडे तोंड करून आहे. फाटकाचा जुना २.८ वाला मागच्या दाराला गेला आणि तिथला डोम पडवीत आला. डोम उघड्यावर लावू नका. त्याच्या काचेवर पावसाचे ओघळ सुकतात, धूळ बसते, रात्री कॅमेऱ्याचा स्वतःचाच इन्फ्रारेड, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा उजेड, त्यावरून परत येतो आणि सगळं चित्र दुधाळ होतं.

तो फराटा मात्र उंचीमुळे नव्हता, शटरमुळे होता. अंधार पडला की कॅमेरा आपणहून शटर सावकाश करतो, म्हणजे एकेक चित्र जास्त वेळ टिपत राहतो. माझा १/१२ सेकंदापर्यंत उतरत होता. साध्या चालीने चालणारा माणूस तेवढ्यात १२ सेंटीमीटर सरकतो, म्हणजे अख्ख्या चेहऱ्याची रुंदी पुसली जाते. उभी झाडं आणि भिंती छान उजळ दिसतात, त्यामुळे दुकानात बघताना हे कळत नाही. सेटिंगमध्ये जाऊन शटर १/१०० वर बांधलं. चित्र एकदम काळवंडलं. मग फाटकाच्या खांबावर एक साधा एलईडी दिवा रात्रभर लावून ठेवला. या सगळ्या खटाटोपात सर्वांत जास्त उपयोग त्या दिव्याचा झाला. मागच्या महिन्यात रात्री दीडला कडी वाजली आणि आत येणाऱ्याचा चेहरा रंगीत, स्वच्छ, चष्म्याच्या दांडीसकट दिसला. माझा धाकटा भाऊ होता. अकराला येऊन झोपलो, असं सकाळी सांगत होता.

दिव्यामुळे कोळ्याचाही प्रश्न सुटला. हा प्रश्न डब्यावर कुठेच लिहिलेला नसतो. कॅमेऱ्याच्या वळचणीला कोळी जाळं विणतो. लेन्ससमोरचा एक धागा इन्फ्रारेडमध्ये दोरखंडासारखा उजळतो आणि वाऱ्याने हलला की फोन वाजतो. एका रात्रीत साठेक वेळा वाजला. दर आठवड्याला लांब दांड्याचा ब्रश घेऊन जाळं काढायचं, तिसऱ्या दिवशी ते परत हजर. आता फाटकाचा इन्फ्रारेड बंदच आहे. जाळं अजून आहे, दिसत नाही, कोळी आणि मी दोघं खूश.

अलर्टचंही तसंच. नुसत्या हालचालीवर ठेवलं तर फांदी, पाऊस, मांजर सगळ्यांची हजेरी लागते. फक्त माणूस आणि वाहन असं निवडल्यावर दिवसाला तीन-चार येतात. दोरीवर वाळत घातलेल्या रेनकोटला मात्र कॅमेरा रात्रभर माणूस समजत होता.

साठवण विकत घेण्याआधी कागदावर मांडा. ४ एमबीपीएसने, म्हणजे सेकंदाला ४ मेगाबिट या दराने, एक कॅमेरा दिवसाला सुमारे ४३ जीबी खातो, चार मिळून १७३. म्हणजे २ टीबीत जेमतेम साडेअकरा दिवस. आम्ही पंधरा दिवस बाहेर होतो. परत येऊन बघतो तर पहिले तीन-चार दिवस पुसलेले. एच.२६५ ही चित्र जास्त दाबून साठवण्याची पद्धत चालू करून दर २ एमबीपीएसवर आणला, आता पाच कॅमेरे धरूनही साडेअठरा दिवस राहतात आणि चित्रात मला तरी फरक दिसत नाही.

आणि हो, वर लिहिलेली २ वाजून ४१ मिनिटांची वेळ खरी नाही. रेकॉर्डरचं घड्याळ ११ मिनिटं पुढे होतं, हे तक्रार लिहून दिल्यावर कळलं. इंटरनेटवरून वेळ जुळवण्याचा पर्याय सेटिंगमध्ये असतो, पहिल्या दिवशीच चालू करा. त्याच दिवशी पासवर्डही बदला. २०१६ मध्ये मिराई नावाच्या व्हायरसने कारखान्यातला पासवर्ड तसाच ठेवलेले लाखो कॅमेरे, रेकॉर्डर आणि राउटर ताब्यात घेतले होते. त्याच वर्षी २१ ऑक्टोबरला त्यांच्या जोरावर वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणाऱ्या डाइन (Dyn) या कंपनीवर हल्ला झाला आणि ट्विटर, नेटफ्लिक्स काही तास अडखळले. पोर्ट फॉरवर्डिंगच्या, म्हणजे बाहेरून थेट बघता यावं म्हणून राउटरमध्ये वाट उघडून ठेवण्याच्या, भानगडीत मी पडलो नाही.

पाचव्या महिन्यात मागचा कॅमेरा पाऊस आला की बंद पडायला लागला. कॅमेरा आयपी६७, म्हणजे धूळ-पाणी आत न शिरणारा, होता, त्यात पाणी शिरलंच नव्हतं. त्याच्या मागून निघणाऱ्या छोट्या वायरचा जोड, लावणाऱ्याने नुसती इन्सुलेशन टेप गुंडाळून उघड्यावर सोडला होता, आतल्या पिना हिरव्या पडल्या होत्या. आता जोड बंद डबीत आहे आणि केबल भिंतीत शिरण्याआधी तिला खाली लोंबता वळसा दिलाय, म्हणजे पाणी तिथूनच टपकतं.

शेजारच्या काकूंनी एकदा विचारलं, "आमची खिडकी दिसते का रे त्यात?" दिसत होती. त्यांना घरी बोलावून स्क्रीन दाखवली आणि त्यांच्यासमोरच त्या कोपऱ्यावर प्रायव्हसी मास्कचा काळा चौकोन टाकला. आवाजाचं रेकॉर्डिंगही बंद केलं.

सायकल मिळाली नाही. बोळाकडचा चौथा कॅमेरा अजून साडेचार मीटरवरच आहे, त्यात अजूनही टाळूच दिसतात. शिडी मागून आणलेली होती, ती परत गेलीय; पुन्हा मिळाली की त्या रविवारी तो खाली घेतो.