छोट्या मरीन टँकसाठी घरगुती शेवाळ-फिल्टर: धबधबा, बुडबुडे की कीटोमॉर्फा?

५०-६० लिटरच्या मरीन (खाऱ्या पाण्याच्या) टँकमध्ये दोन क्लाउनफिश आणि एखादी कोळंबी ठेवली, की काही महिन्यांत नायट्रेट-फॉस्फेट (खाणं आणि विष्ठेतून येणारं, शेवाळाचं अन्न) चढू लागतं आणि दगडांवर, काचेवर केसाळ हिरवं शेवाळ दिसतं. त्याच शेवाळाला वेगळ्या जागी जास्त उजेड आणि जास्त वाहतं पाणी द्यायचं, तिथे भरभरून वाढू द्यायचं आणि दर आठवड्याला खरवडून फेकून द्यायचं, हे या फिल्टरचं तत्त्व. अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संस्थेतले वॉल्टर अ‍ॅडी यांनी १९८२ मध्ये याचं पेटंट घेतलं. त्यांच्या यंत्रात पाण्याची बादली उलटून लाटा तयार व्हायच्या. घरी कुणी ते करत नाही. घरी करण्याजोगे प्रकार तीन: शेवाळ धरायच्या जाळीवरून पाणी पाडणारा धबधबा, पाण्यातल्या जाळीखालून बुडबुडे सोडणारा, आणि कीटोमॉर्फा या मोकळ्या शेवाळाचा डबा.

निवड कशी करायची ते आधीच सांगतो. टाकीखाली सम्प (टाकीला जोडलेली दुसरी छोटी टाकी) असेल तर धबधबा करा. सम्प नाही, पण टाकीला मागचा कप्पा आहे, तर बुडबुड्यांचा करा. टाकी झोपायच्या खोलीत असेल किंवा जुना हँग-ऑन फिल्टर (टाकीच्या काठावर टांगायचा) घरात पडून असेल, तर कीटोमॉर्फाचा डबा. शेवाळ काढून टाकायला दर सात-दहा दिवसांनी अर्धा तास मिळणार नसेल तर तिन्हींपैकी काहीच करू नका. नायट्रेट टाकीबाहेर जातं ते शेवाळ उचललं तेव्हाच. न काढलेलं शेवाळ मुळाशी सडतं आणि घेतलेलं सगळं परत पाण्यात सोडतं.

जाळी केवढी?

टाकीचे लिटर मोजून उपयोग नाही, रोज किती खाणं पडतं ते मोजा. रूढ हिशेब असा: गोठवलेल्या खाद्याचा एक क्यूब रोज जात असेल तर दोन्ही बाजूंनी उजेड पडणारी १२ चौरस इंच, म्हणजे साधारण ७७ चौरस सेंटिमीटर जाळी. उजेड एकाच बाजूने असेल तर दुप्पट. दोन क्लाउनफिशना अर्धा क्यूब पुरतो, म्हणजे धबधब्यासाठी ६.५ × ६ सेंमी आणि बुडबुड्यांच्या एकतर्फी फिल्टरसाठी ८ × १० सेंमी. ‘मोठी केली तर बरंच’ म्हणून पोस्टकार्डाएवढी जाळी लावू नका. तेवढ्याच खाण्यावर शेवाळ पातळ पसरतं, नीट धरत नाही आणि पाणीही जास्त लागतं.

जाळी म्हणजे लोकरीच्या भरतकामाचा प्लॅस्टिक कॅनव्हास, इंचाला सात भोकांचा. हस्तकलेच्या सामानाच्या दुकानात मिळतो. तो गुळगुळीत असतो आणि तसाच लावला तर वाढलेलं शेवाळ स्वतःच्या वजनाने सुटून एक दिवस अख्खं टाकीत येतं. लाकडावर वापरायच्या खरखरीत कानशीने दोन्ही बाजू इतक्या घासा, की हात फिरवल्यावर निवडुंगासारखे काटे टोचले पाहिजेत. बहुतेक फसलेल्या फिल्टरांचं मूळ या आळसात असतं. घासून झाल्यावर सुटलेला चुरा नळाखाली नीट धुऊन टाका, तो पंपात जायला नको.

धबधबा

अर्धा इंची पीव्हीसी पाइपला खालच्या बाजूने लांबट खाच पाडायची, जाळीची वरची कड तिच्यात पाचेक मिलिमीटर आत सारायची आणि केबल टायने बांधायची. खाच ३ मिमी रुंद हवी. हॅक्सॉची पाती टेपने एकत्र बांधून कापली तर साधारण तेवढी पडते. कडेचे बुरे ब्लेडने तासून काढा, नाहीतर तिथे पाणी तुटून जाळीवर कोरडे पट्टे राहतात. पाइपाच्या टोकाची कॅप चिकटवू नका, खाचेतलं शेवाळ काढायला ती उघडावी लागते.

पाणी जाळीच्या रुंदीच्या दर सेंटिमीटरला ताशी साधारण ५० लिटर लागतं. ६.५ सेंमीला ३२५-३४० लिटर, पण हे पाइपातून प्रत्यक्ष पडणारं. खोक्यावर लिहिलेला आकडा शून्य उंचीचा असतो आणि सम्पमधून अर्धा मीटर चढवताना छोट्या पंपाचा दम निम्म्यावर येतो. म्हणून ६०० ते ८०० लिटरचा पंप घ्या आणि जास्त वाटलं तर व्हॉल्व्हने आवळा. प्रत्यक्ष किती पडतं ते मोजायचं असेल तर एक लिटरचं भांडं किती सेकंदांत भरतं ते पाहा. ११ सेकंदांच्या आसपास हवं.

तिन्हींत शेवाळ सर्वांत वेगाने वाढतं ते इथेच. पाण्याचा थर पातळ, उजेड दोन्हीकडून आणि हवेचा संपर्क सतत. पण तापही इथेच जास्त. बाष्पीभवन वाढतं, आवाज होतो (जाळीचं खालचं टोक सेंटीमीटरभर पाण्यात बुडवलं तर बराच कमी होतो) आणि पंप बंद पडला तर जाळी वाळते. वीज गेली तर दिवाही जातो, तेव्हा दोन-तीन तास फारसं बिघडत नाही. पंप अडकला आणि दिवा चालू राहिला तर मात्र तासा-दीड तासात शेवाळ करपतं.

सम्प नसताना हाच फिल्टर टाकीवर डब्यात बसवता येतो, पण मग परतीच्या भोकांकडे बघा. येणारा पाइप अर्धा इंची असेल तर परतीचा किमान एक इंची आणि तशी दोन भोकं, वेगवेगळ्या उंचीवर. सुटलेला शेवाळाचा गोळा एका भोकात बसला की पाणी दुसऱ्यातून गेलं पाहिजे. एकच भोक ठेवलं तर पाणी डब्याच्या काठावरून फरशीवर येतं आणि टाकीतला पंप खाली जाईल तेवढं पाणी बाहेर फेकत राहतो.

बुडबुडे

यात जाळी पाण्यात उभी असते आणि खालून हवेचे बुडबुडे तिच्यावरून वर जातात. शेवाळाला हवी असलेली उलथापालथ बुडबुड्यांनी होते. पाणी वर चढवावं लागत नाही, म्हणून पूर येण्याची भीती नाही आणि वीज गेली तरी जाळी ओलीच राहते. जिथे वीज चार-सहा तास जाते, तिथे हा मुद्दा एकटाच निर्णयाला पुरेसा आहे.

लागतं ते एवढंच: मिनिटाला २ ते ४ लिटर हवा देणारा एअर पंप, चेक व्हॉल्व्ह (पाणी उलटं येऊ न देणारी झडप), कडक प्लॅस्टिकची एअर नळी आणि जाळी. नळीचं एक टोक बंद करून तापलेल्या सुईने किंवा ड्रिलने दर सेंटिमीटरला दीड-दोन मिमीचं भोक पाडा आणि ती जाळीच्या खाली आडवी बसवा. एअर स्टोन (हवा सोडणारा सच्छिद्र खडा) लावू नका. त्याचे बारीक बुडबुडे जाळीला नीट घासत नाहीत, टाकीभर धुकं करतात आणि वर फुटताना मीठ उडवतात. मोठे, भरभर वर जाणारे बुडबुडे हवेत.

दिवा मागच्या कप्प्याच्या काचेबाहेर लावायचा. तिथली काच काळी असेल तर जाळीएवढा रंग किंवा फिल्म खरवडावी लागते. आतल्या बाजूने त्या काचेवरही शेवाळ धरतं आणि जाळीचा उजेड अडवतं, म्हणून साफसफाईच्या दिवशी काच आधी पुसा. एकतर्फी उजेडामुळे वाढ धबधब्यापेक्षा कमी असते, हे मान्य करूनच हा प्रकार घ्यावा.

नेहमीची तक्रार भोकं बुजण्याची. नळीत मिठाचे कण साचतात, एका टोकाचे बुडबुडे बंद होतात आणि तेवढ्या भागात शेवाळ मरतं. नळी महिन्यातून एकदा पांढऱ्या व्हिनेगरमध्ये तासभर ठेवा. एअर पंप शक्यतो पाण्याच्या पातळीपेक्षा वर ठेवा. चेक व्हॉल्व्ह मिठाने कधीतरी अडकतोच आणि वीज गेली की खाली ठेवलेल्या पंपातून पाणी थेट बोर्डापर्यंत पोचतं.

कीटोमॉर्फाचा डबा

हे जाळीला चिकटणारं शेवाळ नाही, गुंतलेल्या नायलॉनच्या दोऱ्यासारखा मोकळा गोळा असतो. हँग-ऑन फिल्टरमधला कापूस-कार्बन काढायचा, मूठभर कीटोमॉर्फा ठेवायचं आणि बाहेरून ९-१२ वॉटचा पांढरा किंवा ग्रो एलईडी लावायचा. ताशी २००-४०० लिटर प्रवाह भरपूर झाला. डबा भरला की एक तृतीयांश ते अर्धं काढून टाकायचं. खरवडणं नाही, आवाज नाही, आणि गोळ्यात कोपेपॉडसारखे बारीक जीव राहतात, ते माशांना खाणं म्हणून मिळतात. जाळीवर ते टिकत नाहीत, कारण ती आपण गोड्या पाण्यात धुतो.

अडचण मिळवण्यात आहे. जाळीवरचं शेवाळ आपोआप येतं, हे विकत किंवा दुसऱ्या हौशी माणसाकडून आणावं लागतं. कोकणात लाटा झेलणाऱ्या खडकांवर कीटोमॉर्फाच्याच कुळातलं शेवाळ उगवतं, पण ते खडकाला घट्ट धरून वाढणारं असतं, डब्यात टिकत नाही. शिवाय त्याच्याबरोबर काय काय येईल सांगता येत नाही. मालवणला तर १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे आणि प्रवाळ १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहेत, तेव्हा तिथला दगड उचलून आणण्याचा विचारही नको.

दुसरं म्हणजे नायट्रेट शून्यावर गेलं की हे पांढरं पडून विरघळतं. तुटलेले धागे पंपात अडकतात. तोंडाला स्पंज लावला तर त्यात घाण साचते, म्हणून तो दर तीन-चार दिवसांनी धुवावाच लागतो. आणि बरेच हँग-ऑन फिल्टर वीज आल्यावर स्वतःहून पाणी ओढत नाहीत. तुम्ही दिवसभर घराबाहेर असाल तर डब्यात साचलेलं पाणी संध्याकाळपर्यंत तापतं.

दिवा, पाणी आणि पहिला महिना

जाळीसाठी ६६० नॅनोमीटरचे लाल एलईडी उत्तम, नसतील तर २७००-३००० केल्विनचे वॉर्म व्हाइट. वर मोजलेल्या जाळीला दोन्हीकडून मिळून ३ ते ६ वॉट पुरे. नव्या जाळीवर आठ-दहा तासच ठेवा, शेवाळ दाट हिरवं झालं की हळूहळू १४-१६ पर्यंत न्या. हे तास टाकीचा दिवा बंद असतानाचे निवडा, रात्री घसरणारा पीएच थोडा सावरतो. उजेड खाचेवर किंवा टाकीत सांडू देऊ नका, काळी प्लॅस्टिक पट्टी लावा.

दिव्याची जोडणी १२ व्होल्टची ठेवा आणि अडॅप्टर पाण्याच्या वरच्या बाजूला टांगा. प्रत्येक वायरीला प्लगच्या आधी खाली झोळ द्या, थेंब तिथूनच गळला पाहिजे. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) नसेल तर इलेक्ट्रिशियनला आधी बोलवा, फिल्टर नंतर. सिलिकॉन बुरशीरोधक नसलेलं घ्या, आणि स्टीलचा स्क्रू किंवा उघडं चुंबक कुठेही वापरू नका.

उन्हाळ्यात ५० लिटरच्या टाकीतून एक लिटर उडालं की खारेपणा हजारात ३५ वरून ३५.७ होतो. भर गोड्या पाण्याची घालायची. मात्र घरच्या आरओचं पाणी टीडीएस मीटरने तपासा. चवीसाठी त्यात कच्चं पाणी मिसळलेलं असेल तर आकडा ५०-१०० दिसतो आणि त्याबरोबर नायट्रेट-फॉस्फेटही येतं. मग फिल्टर तुमच्या नळाचं पाणी साफ करत बसतो.

पहिले दोन आठवडे जाळीवर तपकिरी बुळबुळीत थर येईल. तो हाताने हलकेच पुसा, जाळी घासू नका. हिरवे केस यायला चार ते सहा आठवडे लागतात, तोवर पाणी बदलणं चालू ठेवा. पुढे रंगच काय बिघडलं ते सांगतो. काळपट आणि चिकट असेल तर अन्न जास्त, उजेड कमी. पिवळं, रबरासारखं असेल तर उजेड जास्त, अन्न कमी. खरवडताना जाळी सिंकमध्ये आणा, पातळ हिरवा थर मागे ठेवा आणि नळाखाली धुवा. निघालेलं शेवाळ ओल्या कचऱ्यात टाका, तुळशीच्या कुंडीत नको, त्यात मीठ असतं.

नायट्रेट २ ते १० पीपीएम आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ च्या दरम्यान राहिलं की पुरे. दोन्ही शून्य करण्याच्या नादात वाळूवर तपकिरी, बुडबुडेवाला शेंबडासारखा थर आला तर तो डायनोफ्लॅजेलेट (एकपेशीय सूक्ष्मजीव) असण्याची शक्यता मोठी. अशा वेळी जाळी आणखी खरवडू नका, फिल्टरचा दिवा सहा तासांवर आणा आणि खाणं थोडं वाढवा.